केव्हा हात लावायचा नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून मी त्वचेचा माणूस. सव्वीस वर्षं सिमेंटचा होतो.

कंपनीनं गेल्या वर्षी मला सन्मानानं घरी बसवलं, म्हणजे फुलांचा गुच्छ दिला आणि ओळखपत्र काढून घेतलं. त्या दिवशी बायको म्हणाली, "आता घराची गुणवत्ता तपासत बसू नका म्हणजे मिळवली." मी जेमतेम दोन महिने तपासली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, चादरींना क्रमांक दिले. मग तिनंच माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. "वन्सं, तुमच्याकडे यांना काही काम आहे का? नसलं तरी द्या."

काम निघालं. धाकटीची त्वचेची निगा आणि मसाज शिकवण्याची संस्था आहे. खाली सहा खाटांची उपचारखोली, वर वर्ग, जिन्यालगत टॉवेलांची खोली. बावीस मुली शिकतात. यंदापासून नियम असा निघालाय की मान्यता मंडळाचा शिक्का नसेल, तर संस्थेचं प्रमाणपत्र मुलींनी कपाटाच्या खणात अंथरावं. दवाखाने, हॉटेलं, पार्लरं, कोणी दारात उभं करणार नाही. तपासणी १५ एप्रिलला. मंडळाच्या पुस्तिकेत एकशे चौदा निकष आहेत. धाकटीनं बारा निकषांपर्यंत तग धरला आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली. "दादा, हे तुझ्याच भाषेत आहे. मला एक अक्षर कळेल तर शपथ."

खरंच माझ्या भाषेत होतं. एका बैठकीत दोनदा वाचलं.

टॉवेल जिन्यात हलवले आणि त्या खोलीवर पाटी लावली: गुणवत्ता कक्ष.

इथे एक मावशी आहेत. कोणाच्या मावशी ते कोणालाच ठाऊक नाही. साठी उलटलेली, तेहतीस वर्षं हाच धंदा, धाकटीलाही काम त्यांनीच शिकवलं. ओळख करून दिली तर नमस्कार राहिला बाजूला, बाई माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, मानेवर हे डाव्या कानाखाली आहे ते कधीपासूनचं?"

"ते होय? जन्मखूण. आमच्या आईलाही होती."

"आईची पण अशीच? दोन रंगांची?"

"आईची मान मी कधी तपासली नाही."

"मग स्वतःची तपासून घ्या. दाखवून या डॉक्टरांना."

"तपासणी झाली की जातो."

धंद्यातले लोक हे असेच. सुतार घरी आला की चहा पिताना दाराच्या फटीकडेच बघत बसतो.

७ मार्च, शुक्रवार

अभ्यासक्रम तपासला. तीनशे साठ तास. त्यात मावशींच्या नावावर एक प्रकरण सापडलं, बारा तासांचं, शीर्षक: 'केव्हा हात लावायचा नाही'.

मी डोळे चोळून पुन्हा वाचलं. हात लावायला शिकवणाऱ्या संस्थेत बारा तास हात न लावायला! वर्गात जाऊन पाहिलं. मुली जोडीजोडीनं समोरासमोर बसलेल्या, हात पाठीमागे. पाव तास नुसतं एकमेकींच्या चेहऱ्याकडे, मानेकडे, हातापायांकडे बघायचं. मग सांगायचं, काय दिसलं. पुरळ, सूज, जखम, डाग. मग विचारायचं, कुठली गोळी चालू आहे का, ताप येऊन गेला का. शेवटी ठरवायचं: आज करायचं, नंतर करायचं, की डॉक्टरांकडे पाठवायचं. पाठवायचं असेल तर चिठ्ठी लिहायची.

निकष १८ स्वच्छ सांगतो की प्रत्येक प्रकरणातून विद्यार्थिनीला काहीतरी करून दाखवता आलं पाहिजे आणि ते मोजता आलं पाहिजे. न करणं कसं मोजणार? सव्वीस वर्षांत आम्ही एकाही गवंड्याला त्यानं न बांधलेल्या भिंतीचं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. शिवाय 'ग्राहक-संवाद आणि हसतमुख स्वागत' हा बारा तासांचा भाग मंडळाला हवाय आणि आपल्याकडे नाही. बारा गेले, बारा आले. इतकी सरळ वजाबाकी सिमेंटमध्येही क्वचित मिळायची.

मावशींना सांगायला जरा जड गेलं. त्या टॉवेलाच्या घड्या घालत होत्या.

"काढून टाकलंत?"

"मावशी, कागदावरून फक्त."

"बरं. मग मी चहाच्या वेळेत शिकवीन. चहाच्या वेळेला निकष आहे का?"

आहे. निकष ४२, विश्रांती, वीस मिनिटं. त्यात काय बोलावं यावर बंधन नाही. मी तसं सांगितलं. नियमाला धरून मोकळीक देण्यात एक वेगळाच आनंद असतो.

१२ मार्च, बुधवार

सकाळी बायकोनं शर्टाची कॉलर नाकापुढे धरली. "हा लाल डाग कसला?"

माझी लाल पेनं. त्रुटींवर खूण करायला लागतात, आणि सवय अशी की पेन डाव्या कानामागे खोचायचं. सांगितलं तिला, पेन गळत असणार.

"नुसत्या गार पाण्यानं गेला," ती म्हणाली. "तुमची शाई कधी गार पाण्यानं गेली होती?"

चांगल्या कंपनीची असेल. मी पेन बदललं.

संस्थेत मोठा पेच. निकष ३१: प्रत्येक प्रशिक्षकाच्या पात्रतेचा पुरावा फाइलला हवा. मावशींकडे काय आहे? काही नाही. तेहतीस वर्षांत बाईंनी एक कागद मिळवलेला नाही. "पुरावा काय देऊ?" म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. हात खरंच बघण्यासारखे आहेत, पण त्यांना भोकं पाडून फाइलला कसे लावणार?

तोडगा मीच काढला. मावशींना प्रशिक्षकांच्या यादीतून वगळायचं आणि 'सहायक (टॉवेल व स्वच्छता)' म्हणून दाखवायचं. धाकटी भडकली. "दादा, मला चेहऱ्यावर हात कसा ठेवायचा ते ज्यांनी शिकवलं, त्यांना तू टॉवेलात घालतोस?"

"कागदावर."

"तुझं सगळं कागदावरच असतं!"

याला मी स्तुती समजतो. मावशी मात्र शांत होत्या. "टॉवेल तर टॉवेल. मुलींचं भलं होऊ दे. पण दादा, त्या मानेचं काय केलंत?"

एखाद्या बाईनं एकदा तोंडातून काढलं की संपलं. माझी सासू एका पडद्याबद्दल अकरा वर्षं बोलत होती.

१९ मार्च, बुधवार

आज माझा अंदाज चुकल्याचं कबूल करतो. मावशी माझ्यावर नाराज असतील असं वाटलं होतं. उलट आज स्वतः कक्षात आल्या. "दादा, मुलींना निकष समजत नाहीत. तुम्ही दर बुधवारी चहाच्या वेळेत येऊन फळ्यावर दहा-दहा लिहून द्याल का?"

म्हणजे शेवटी पटलं तर! मी म्हटलं, जरूर.

काय एकाग्रता मुलींची! मी फळ्याकडे तोंड करून लिहितोय आणि मागे टाचणी पडली तर ऐकू येईल. चारपाच जणींनी तर खुर्च्या पुढे ओढल्या. कंपनीत माझ्या व्याख्यानांना लोक मागच्या दारानं जायचे. एका मुलीनं मात्र मध्येच टोकलं. ही मुलगी प्रत्येक वाक्याची सुरुवात "विचारू का?" अशी करते. दार उघडू का, बसू का, पाणी पिऊ का. सगळे तिला विचारूका असंच म्हणतात, तीही त्या नावाला ओ देते.

"सर, विचारू का? जरा मान खाली कराल? आणि डावीकडचा दिवा लावू का?"

शेवटची ओळ दिसत नसणार. मी मान खाली घातली. ती पुढे येऊन फुटपट्टी धरून उभी राहिली. मावशी म्हणाल्या, "ओळी सरळ येतात का, ते बघतेय." फुटपट्टी प्लास्टिकची, टोक झिजलेलं. मापाची साधनं प्रमाणित असावीत, निकष ६६. पण उत्साह मोडवला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

धाकटीनं मला न विचारता त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, उद्या साडेदहाची. उद्याच तर कात्र्या-चिमट्यांच्या निर्जंतुकीकरणाची नोंदवही पूर्ण करायची आहे! फोन करून रद्द केली. तिकडची मुलगी म्हणाली, पुढची वेळ तीन एप्रिलला. म्हटलं, त्या दिवशी रंगीत तालीम आहे. ती म्हणाली, कसली? म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

परवाही मावशींच्या वर्गाला गेलो होतो. निकष ११ ते २०. मुली वहीत काहीतरी भराभर उतरवून घेत होत्या. एक शंका मनात आली ती लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहायचं नाही: मी फळ्यावर एक शब्दही लिहिला नव्हता, खडू शोधत होतो, तेव्हाही त्या उतरवतच होत्या. बहुधा आधीचं राहिलं असेल.

३ एप्रिल, गुरुवार

रंगीत तालीम. मी तपासनीस झालो. गळ्यात दोरीला चष्मा अडकवला, चेहरा आंबट केला. बायको म्हणते, त्यासाठी तालीम कशाला.

हसतमुख स्वागत उत्तम. बावीसच्या बावीस मुली एकसारख्या हसतात, दारातून आत येणारा माणूस दचकतो. फाइली सोळा, पाठींवर रंगीत पट्ट्या. प्रात्यक्षिकात मात्र विचारूका घात करणार. चाळीस मिनिटांच्या चेहरा-मान उपचाराला तिला साठ लागले. त्यातली वीस नुसती बघण्यात आणि विचारण्यात. शेजारच्या शिंपीणबाई मॉडेल म्हणून झोपल्या होत्या, त्या झोपी गेल्या.

मी म्हटलं, "अगं, हात चालव. ही काय वधूपरीक्षा आहे?"

"सर, विचारू का? बघायच्या आधी हात कसा लावायचा?"

मावशी दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. हसल्या बहुतेक. टॉवेलामागे नीट दिसलं नाही.

मंडळाची तपासनीस यादीतून कोणाचंही नाव काढते. बाविसात एक. तेवढा धोका पत्करायला हवा.

१० एप्रिल, गुरुवार

कॉलर पुन्हा. नवं पेनही गळतं. तक्रारीचं पत्र लिहिलं.

निकष ५८ प्रमाणे वह्या तपासल्या. विचारूकाच्या वहीत निकष नाहीत! फळ्यावर मी चार बुधवार मान मोडून चाळीस लिहिले, आणि या बाईनं काय काढलंय? एक बेट. चार वेळा तेच बेट, प्रत्येकाखाली तारीख. १९ मार्च, ६ मिमी बाय ५. २६ मार्च, तेवढंच. २ एप्रिल, साडेसहा बाय ५, कडा खालून वाकडी. ९ एप्रिल, सात बाय साडेपाच, रंग तीन, वरच्या टोकाला खपली. मी लाल पेनानं शेरा मारला: 'विषयाशी संबंध नाही. भूगोल घरी.'

तिला बोलावलं. ती शेरा वाचून उभीच राहिली, डोळ्यात पाणी.

"सर, विचारू का? हे पुसू की ठेवू?"

"पूस."

"ठेव," मावशी मागून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "दादा, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?"

"चार वेळा, मावशी. पंधरा तारखेला तपासणी, सोळाला जातो. शब्द देतो. झालं?"

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. दिनांक, सही, जावक क्रमांक. माणूस माझ्याशी माझ्या भाषेत बोलला की मी विरघळतो.

१५ एप्रिल, मंगळवार

संपलं. सगळं लिहितो, क्रमानं.

तपासनीसबाई नऊला आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या. बावीस जणी एकदम हसल्या तेव्हा त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली. बाकी साडेबारापर्यंत स्वर्ग होता. सोळा फाइली. त्या पान उलटायच्या, मी श्वास सोडायचो. एकशे तेरा निकष, एकशे तेरा बरोबरच्या खुणा. मावशींचं नाव टॉवेलांखाली वाचून पुढे गेल्या.

राहिला एकशे चौदावा, प्रात्यक्षिक. बाईंनी डोळे मिटून यादीवर बोट ठेवलं. बोट नेमकं विचारूकावर. धाकटीनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

त्यात शिंपीणबाईंची दाढ ठणकत होती, त्या आल्याच नाहीत. घड्याळाकडे बघून तपासनीसबाई म्हणाल्या, "मॉडेल नसेल तर शून्य गुण लिहावे लागतील." मी काय करणार? शर्ट काढला आणि खाटेवर जाऊन पडलो. संस्थेसाठी मी सहा आठवड्यांत प्रथमच स्वतःची कातडी देत होतो.

डोळ्यांवर दिवा. कोमट पाण्याचा आवाज. टॉवेल खांद्यांवर आला. तिनं माझी मान हळूच उजवीकडे वळवली. मग काहीच नाही. घड्याळ टिकटिकतंय आणि काहीच नाही.

"सर, विचारू का?"

"विचार लवकर."

"तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का?"

"उद्या दाखवतोय. सुरू कर."

"मग मी नाही करणार."

ही मुलगी पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागते!

मी दातांवर दात ठेवून म्हटलं, "मी गुणवत्ता प्रमुख म्हणून सांगतोय, सुरू कर."

"आत्ता तुम्ही गिऱ्हाईक आहात, सर. मानेचा मसाज आहे, तिथे तो डाग आहे. महिन्याभरात वाढलाय, आज रक्त आलंय. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत मी हात लावणार नाही."

तपासनीसबाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलीस? तुमच्या अभ्यासक्रमात तर हे नाही."

"चहाच्या वेळेत."

"कोणी शिकवलं?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मावशी टॉवेल घेऊन उभ्या. मी पडल्या पडल्या ओरडलो, "त्या टॉवेल विभागात आहेत!"

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्यावर वाकल्या. सहा आठवडे ज्या नजरेची मी वाट बघत होतो ती नजर, आणि ती माझ्या फाइलींवर नव्हे, मानेवर. बराच वेळ बघितलं. मग मुलीला म्हणाल्या, "फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, बाळ. पूर्ण किंवा अपूर्ण. चाळीस मिनिटांत उपचार झाला नाही तर मला अपूर्णच लिहावं लागेल. कळतंय ना?"

"हो."

"तरी नाही?"

"नाही."

लिहिलं. अपूर्ण.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या तुम्हाला वेळ आहे का?" मला वाटलं, फेरतपासणीच. म्हटलं, "दिवसभर आपल्या सेवेत आहे. फाइली घेऊन येऊ?"

"डॉक्टरांकडे जा," म्हणाल्या.

बावीस मुलींचं वर्ष गेलं. धाकटी माझ्याशी बोलत नाही. विचारूकाशी बोलतेय, तिला जवळ घेऊन. मला हे समजत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

जावक क्रमांकानिशी शब्द दिला होता, म्हणून गेलो. निघताना विचारूकानं एक चिठ्ठी दिली, 'डॉक्टरांना द्या सर.' रस्त्यात उघडली. तेच बेट, चार तारखा, चार मापं, आणि पाचवं कालचं. खाली: 'शरीराची जागा: मान, डाव्या कानाखाली दोन बोटं.'

मी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदार म्हणाला, बसू नका, गिऱ्हाइकांना अडचण होते. म्हटलं, बरोबर आहे. पण उठलो नाही.

चार बुधवार. मी निकष लिहीत होतो आणि बावीस मुली मला वाचत होत्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे कुठल्या दवाखान्यातून आलंय?"

"चहाच्या वेळेतून," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. तसा होतोच.

त्यांनी लगेच कापून काढलं, तुकडा प्रयोगशाळेत. पाच टाके. टाके घालताना विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"निकष लिहीत होतो," मी पालथ्या पालथ्या उशीत म्हटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

अहवाल आला. डॉक्टर कागदाकडे बघून बोलले, म्हणजे बरं नसणार. कर्करोगाच्या वाईट जातीतला. पण पातळ, वरच्या थरातच, मुळं खाली गेलेली नाहीत. आजूबाजूची थोडी कातडी आणखी काढतील, मग दर तीन महिन्यांनी दाखवायचं. "चारसहा महिने उशिरा आला असतात, तर मी आज वेगळं बोललो असतो. आणि तिथे कोणी रगडून मसाज केला असता, तर जखम चिघळून खरं रूप लपलं असतं."

घरी बायकोला सांगितलं. ती उठली. आत जाऊन दोन शर्ट घेऊन आली, ज्यांच्या कॉलरी तिनं गार पाण्यात धुतल्या होत्या, आणि ते मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "त्या पेनवाल्यांना पत्र लिहा. माफी मागा."

लिहिलं.

५ मे, सोमवार

मंडळाचं पत्र. एकशे तेरा निकष पूर्ण, एक अपूर्ण. सहा महिन्यांची सशर्त मान्यता. सुधारणा अहवाल पंधरा दिवसांत द्यावा, तो पटला तर पूर्ण मान्यता, नाही तर रद्द. म्हणजे बावीस मुली अजून टांगत्याच, आणि दोरी माझ्या हातात.

सोबत आमच्याच प्रस्तावाची प्रत परत आलीये. निकष ४२, विश्रांती, वीस मिनिटं, त्याच्या समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात: 'चहाची वेळ बारा तास करता येईल का, पाहावे.' सही नाही. मंडळाच्या नियमात पेन्सिलीला परवानगी नाही.

सुधारणा अहवालाचा फॉर्म समोर घेऊन सकाळपासून बसलोय. पहिला रकाना: 'विद्यार्थिनीने उपचार पूर्ण न करण्याचे मूळ कारण.' असल्या रकान्यांत मी आयुष्यभर 'यंत्रातील बिघाड' लिहीत आलो. आज लिहिलं: गुणवत्ता प्रमुख. विद्यार्थिनीत दोष आढळला नाही.

दुसरा रकाना: 'उपाययोजना.' लिहिलं: अभ्यासक्रमातून चुकीने वगळलेले 'केव्हा हात लावायचा नाही' हे प्रकरण पुन्हा समाविष्ट केले आहे, बारा तास. साध्य: विद्यार्थिनी नकार देऊ शकते. मोजण्याची पद्धत: तपासनीसांनी स्वतः पाहिली आहे.

तिसरा: 'प्रशिक्षक.' मावशी. चौथा: 'पात्रतेचा पुरावा.'

इथे तासभर अडकलो. मग प्रयोगशाळेचा अहवाल काढला, दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला. परिशिष्ट ११४.

धाकटीनं वाचलं. "दादा, मंडळ हे घेईल?"

"निकष ३१ म्हणतो, पुरावा लेखी, तारखेचा आणि त्रयस्थाचा हवा. तिन्ही आहे. न घ्यायला काय झालं?"

ती माझ्या मानेच्या पट्टीला बोट लावणार, तोच तिनं हात मागे घेतला आणि रडता रडता हसली.

दुपारी पाटी काढली. टॉवेल परत त्यांच्या खोलीत गेले, फाइली जिन्यात आल्या. मावशी बघत होत्या. "माझं नाव टॉवेलातून काढलंत. मग टॉवेल कोण बघणार?"

"मी."

"घडी येते का?"

"शिकवा."

त्या माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, टाके बघताहेत.

"दादा, उजव्या खांद्यावर हा एक तीळ आहे."

"तो साधा आहे, मावशी."

"असेलही. बुधवारी या. फळ्याकडे तोंड करून."

जाणार आहे. फुटपट्टी मात्र माझी नेणार. त्यांची प्रमाणित नाही.